सोसायचं म्हणजे लपवायचं का?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४

हा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. भावार्थ असा : इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवतं. हे सगळं येतं आणि जातं, टिकत नाही. म्हणून अर्जुना, तू ते सहन कर. या सहन करण्याला आपण तितिक्षा म्हणतो.

एरवी यावर लिहायला सोपं आहे. थंडी म्हणजे ऑफिसचा एसी आणि ऊन म्हणजे मे महिन्यातला सिग्नल, एवढ्यावर भागतं. पण सध्या मी वलवणला आत्याकडे राहून काम करतोय. तिच्या स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू आहे. दर २१ दिवसांनी एक, अशा पहिल्या टप्प्यातल्या चार. आज दुसऱ्या केमोचा नववा दिवस. त्यामुळे या श्लोकातला ‘सहन कर’ हा शब्द आता घरातच राहायला आलाय.

पहिल्या केमोनंतर सहाव्या दिवशी तिचं तोंड आलं. पाणी प्यायलं तरी झोंबायचं. तिनं कुणाला सांगितलं नाही, फक्त जेवण कमी केलं. मी विचारलं, “आत्या, अगं सांगायचं नाही का?” तर म्हणाली, “अरे, एवढं तरी सोसायला नको? गीता काय नुसती वाचायला असते?”

प्रश्न खरा आहे. भक्तानं त्रास बोलून दाखवला, त्यावर गोळी मागितली, तर त्याची तितिक्षा कमी पडली का?

आधी शरीरात काय चालतं ते बघू. केमोची बरीचशी औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण तोंडाच्या आतलं अस्तर, केसांची मुळं आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जाही तशीच असते. म्हणून त्रास होतो, आणि त्याला साधारण वेळापत्रक असतं. मळमळ पहिल्या दिवशी, आणि काहींना पुढचे चार-पाच दिवस. तोंडातले फोड बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली जातात आणि मग पुन्हा वर येतात. केस दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात. आत्याला मिळणाऱ्या लाल रंगाच्या डॉक्सोरुबिसिननं एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. आधी माहीत नसेल तर माणूस घाबरून जातो.

येतं आणि जातं, हे भगवंतांचं म्हणणं इथे दिनदर्शिकेवर लिहून ठेवता येतं. आम्ही तसंच केलंय. देवघराशेजारच्या कॅलेंडरवर कोणत्या दिवशी काय झालं ते आत्या स्वतः लिहिते. दुसऱ्या केमोनंतर मळमळ सुरू झाली तेव्हा तीच म्हणाली, “गेल्या वेळी पाचव्या दिवशी थांबली होती.” मला वाटतं, अनित्य या शब्दाचा इतका उपयोगी अर्थ मी आधी वाचला नव्हता.

आता मूळ प्रश्न. त्यासाठी दुसऱ्या अध्यायातून जरा मागे, पहिल्या अध्यायात जाऊ. तिथे अर्जुन काय करतो? तो सांगतो. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, त्वचेची आग होतेय, धनुष्य हातातून निसटतंय, उभं राहवत नाही. ओपीडीत बसलेला पेशंट सांगेल तशी एकेक तक्रार. भगवंत त्याच्या दुबळेपणाबद्दल त्याला टोकतात जरूर, पण त्याचं सगळं ऐकून घेतल्यावर. सहन करण्याचा उपदेश त्याच्याही नंतर येतो. अर्जुन गप्प बसून कसाबसा लढला असता, तर गीता झालीच नसती.

काही जण म्हणतील, शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तर दुःखाचा प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणं, अशीच तितिक्षेची व्याख्या आहे. मग उलटीवर गोळी घेणं हा प्रतिकार नाही का? माझ्या समजुतीप्रमाणे ती व्याख्या मुक्तीसाठी सगळं मागे ठेवून निघालेल्या साधकासाठी आहे. ज्यानं केमो स्वीकारली त्यानं प्रतिकार आधीच स्वीकारलाय. केमो घ्यायची आणि तिच्या त्रासावरचं औषध मात्र नाकारायचं, हा अर्धवट उपचार झाला. त्याला वैराग्य म्हणता येणार नाही.

आणि गीता स्वतः काय म्हणते? सतराव्या अध्यायात, शास्त्रानं न सांगितलेलं घोर तप करून शरीराला आणि आत बसलेल्या मलाही कष्ट देणाऱ्यांना भगवंत आसुरी निश्चयाचे म्हणतात. अठराव्या अध्यायात दुसरी बाजू येते. शरीराला त्रास होईल या भीतीनं कर्तव्य टाकणं हा राजस त्याग, त्याचं फळ मिळत नाही. दोन्ही एकत्र वाचले की वाट दिसते. त्रासाला भिऊन उपचार सोडायचे नाहीत, आणि टाळता येणारा त्रास पुण्य समजून कवटाळायचाही नाही.

‘त्रास जास्त म्हणजे औषध चांगलं लागू पडतंय’ असंही आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. तसं नसतं. त्रास कमी झाला म्हणून औषध कमी काम करतंय असं होत नाही.

या घराजवळच वलवणचं धरण आहे, इंद्रायणीवरचं. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी ते बांधलं गेलं. इथलं पाणी घाटाखाली उतरतं आणि त्यावर खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालतं. ही योजना ज्यांच्या काळात उभी राहिली त्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या. तेव्हा त्या आजारावर धड औषध नव्हतं. दोराबजींनी ते दुःख सोसलं आणि १९३२ मध्ये पत्नीच्या नावानं ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी न्यास उभा केला. तेही त्याच वर्षी गेले. पुढे त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल बांधलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. सोसणं आणि उपाय शोधणं एकाच घरात नांदू शकतं, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

तोंडाचं आत्यानं शेवटी डॉक्टरांना सांगितलं. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या चुळा, एक जेल, मऊ भात. चार दिवसांत ती नीट जेवायला लागली. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही सांगितलं नाही तर पुढचा डोस मी कशावरून ठरवू?” माझ्यातल्या इंजिनिअरला हे लगेच पटलं. अलर्ट म्यूट केला म्हणून सर्व्हर ठीक होत नाही.

आपल्यासारख्या घरांसाठी काही गोष्टी मुद्दाम लिहितो. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ताप सोसायचा नाही. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. आधी पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबायचा नाही, आधी फोन.

मळमळीची गोळी सांगितलेल्या वेळी घ्यायची, उलटी होण्याची वाट बघायची नाही.

एकादशीचा निर्जळी उपास आता नको. सहाव्या अध्यायात भगवंतांनीच सांगितलंय की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. शेजारच्या काकूंनी आळंदीहून आणलेलं इंद्रायणीचं तीर्थ आम्ही देवापुढे ठेवलं. आत्या उकळून गार केलेलं पाणी तीर्थ म्हणून घेते. गर्दीचं दर्शन, यात्रा हेही सध्या लांबूनच.

सदाफुलीचं फूल आपण देवाला वाहतो. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध त्याच झाडापासून मिळालं. पण म्हणून घरी पानं चावून खायची नाहीत, ती विषारी आहेत. काढे, चूर्णं जे काही घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका.

मग तितिक्षेला उरलं काय? भरपूर उरलं. सगळी औषधं घेऊनही थकवा राहतो. चहाला धातूची चव येते. उशीवर केसांचा पुंजका दिसतो. पुढच्या केमोची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. यावर गोळी नाही, किंवा आहे ती पुरत नाही. हे जे उरतं ते कडवट न होता, कुणाला दोष न देता, स्वतःच्या पापपुण्याचा हिशोब न मांडता वागवायचं, ही तितिक्षा. आत्याचा हरिपाठ सध्या पूर्ण होत नाही. दोन अभंगांवर दमते, मग मी वाचतो आणि ती ऐकते. तिला त्याची खंत आहे, पण ती म्हणते, “ऐकणं पण भक्तीच की.” नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आहे, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आजचा संकल्प : घरात कुणी उपचार घेत असेल तर “बरं आहे ना?” असं विचारू नका. त्याला ‘हो’ म्हणणं फार सोपं जातं. “आज काय होतंय?” असं विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. तुम्ही स्वतः उपचार घेत असाल तर आज एक गोष्ट, जी तुम्ही सोसून लपवताय, ती सांगा. त्यानंतरही जे उरेल ते पांडुरंगाच्या पायाशी ठेवा.

रामकृष्ण हरी!