मुक्या जिवाची अमानत

एखाद्या मुक्या जिवाची माहिती मिळवण्यासाठी त्याला पकडावे, त्याच्या अंगावर खूण करावी, हा हक्क माणसाला कोणी दिला? आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी कासवे येथे येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परततात. पूर्वी ही अंडी सर्रास उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने मंडणगड तालुक्यातील वेळासच्या गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली.

राखणे समजते, मोजणे अवघड. पहाटे वाळूवरचा माग काढून घरटी मोजता येतात. पण एक मादी एकाच हंगामात पुन्हाही अंडी घालू शकते आणि नर तर किनाऱ्यावर येत नाहीत. मग समुद्रात कासवे किती, हे सांगायचे कसे?

अशा कामासाठी खूण करून पुन्हा पकडण्याची रीत आहे. समजा, तळ्यातले १०० मासे खूण करून सोडले. काही दिवसांनी ५० पकडले, त्यांत १० खुणेचे निघाले. म्हणजे पाचांत एक खुणेचा. तळ्यात सुमारे ५०० मासे. आता समजा, खूण करताना हात इतका आडदांड चालला की त्या शंभरांतले निम्मे मेले. दुसऱ्या खेपेला खुणेचे पाच-सहाच सापडतील आणि हिशेब सांगेल, मासे आठशे ते हजार! जीव आपण घेतले आणि कागदावर मात्र ते वाढले. हळुवार हात ही येथे नुसती दया नव्हे, हिशेबाची अटच आहे.

पण जी वेदना आकडा बिघडवत नाही, तिचे काय? कासवाच्या पुढच्या परात धातूची पट्टी टोचतात. जखम भरून येते, गणितात ती कुठेच दिसत नाही. त्या जिवाने संमती दिलेली नाही, देऊही शकत नाही. तेव्हा त्याच्याकडून घेतलेली माहिती आपल्याकडे अमानत असते, असे मला वाटते. घाईत केलेली नोंद, वर्तमानपत्रासाठी फुगवलेला आकडा, ही त्या अमानतीतली खयानत.

पट्टीचे मोल केवढे, हे २०२५ च्या जानेवारीत गुहागरला दिसले. अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या अंगावर ०३२३३ हा क्रमांक होता. ती खूण २०२१ मध्ये ओडिशात केलेली होती! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगळी, या समजाला त्या एका क्रमांकाने धक्का दिला. पण एका कासवावरून सगळी कासवे तिकडून इकडे येतात, असे म्हणता येईल का? नाही. एक साक्षीदार जेवढे पाहतो, तेवढीच त्याची गवाही.

२०२२ च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने आपल्या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. काही महिन्यांत संदेश थांबले. यंत्र बंद पडले की कासव मेले? नुसत्या शांततेवरून ते ठरत नाही. तेथे ‘माहीत नाही’ असेच लिहावे लागते. रात्रभर किनारा पालथा घालून काही दिसले नाही, तर शून्यही लिहावे लागते. ते शून्य गाळले, तर उरलेले आकडेही खोटे पडतात.

म्हणूनच या विद्येत दोरी, काठी, मोजपट्टी हाताळायला शिकवतात, त्याच्याही आधी खरे लिहायला शिकवले पाहिजे. आपल्या मुली-मुलांनी ती जरूर शिकावी. हक्काचा प्रश्न त्याने सुटत नाही. पण ज्याला तो प्रत्येक खुणेच्या वेळी बोचतो, त्याच्याच हाती पट्टी आणि चिमटा द्यावा.