नो क्लेम बोनस

मध्यमवर्गीय घरात कोरी वस्तू ही बहुधा एक अफवाच असते. आपल्याकडे वस्तू येते ती कोणाची तरी होऊन आणि जाते ती कोणाची तरी व्हायला. थोरल्याची विजार धाकट्याला, धाकट्याची मामेभावाला आणि तिथूनही जी जिवंत सुटली ती सायकल पुसायला. शाळेची पुस्तकं तर आम्ही कायम वरच्या इयत्तेतल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घेतली. त्यांत गणिताची उत्तरं पेन्सिलीने आधीच लिहिलेली असत आणि ती हमखास चुकलेली असत. वारसाहक्काशी आमची पहिली ओळख ती.

या परंपरेत अलीकडे मोटारगाडी दाखल झाली आहे. बापाने गाडी वापरायची आणि मुलगा कॉलेजात गेला की किल्ली त्याच्या हातावर ठेवायची, असा प्रघात कारकुनांच्या घरांतही पडू लागला आहे. वरवर पाहता गोष्ट साधी. पण तिच्या डिकीत दोन प्रश्न आहेत. एक, आपली वापरून झालेली वस्तू पोटच्या पोराला देणं हे देणं, की अडगळ काढणं? आणि दोन, दिली दिली म्हणजे नेमकी केव्हा दिली? मी बी.कॉम. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध चाळिशीनंतर आला, तोही गुडघे दुखायला लागल्यावर. पण वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली की देणंघेणं या विषयात माणसाला थोडीफार गती येते.

आमची गाडी मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि मोटार ही फक्त शेठजींची वस्तू राहिली नाही. आमच्या अंगणात ती यायला २०१२ साल उजाडलं, तेही बँकेच्या कर्जाच्या खांद्यावर बसून. पुढे जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने ही गाडी बनवणंच थांबवलं. जणू आम्ही घेण्यासाठीच थांबले होते बिचारे! तिला तीन सिलिंडर, चार गिअर आणि एक स्वभाव आहे. मागची डावी काच हाताने उचलून धरल्याशिवाय वर जात नाही. दुसरा गिअर सकाळच्या प्रहरी विनवणी केल्यावर पडतो. स्टिअरिंग पुरतं डावीकडे फिरवलं की हॉर्न आपण होऊन वाजतो; त्यामुळे आम्ही डावीकडे वळलो हे साऱ्या गावाला कळतं.

चिरंजीव कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. आमची पोफळी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. कराड गाठायचं तर आधी घाट चढायचा, मग हेळवाक, कोयनानगर, पाटण. श्रावणात घाटात धुकं असं उतरतं की समोरची एस.टी. आधी ऐकू येते आणि मग दिसते.

"बाबा, गाडी मला द्या ना. आम्ही चौघं मिळून पेट्रोल घालू."

"का रे, एस.टी. बंद पडली?"

इथे सौभाग्यवतींनी तोंड घातलं. "अहो, तुम्ही बँकेत स्कूटरवर जाता. गाडी फणसाच्या पानांखाली झाकलेली असते. तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ मांजर बसतं. द्या की पोराला!"

म्हणजे झालं! आमच्या घरात ठराव असाच पास होतो.

आता पहिला प्रश्न. तो माझ्याही आधी एका मुलाला पडला होता. कठोपनिषदाची सुरुवातच तिथून आहे. वाजश्रवस नावाचे गृहस्थ यज्ञ करून सर्वस्व दान करायला बसतात आणि दानात गाई देतात कशा, तर ज्यांचं शेवटचं गवत खाऊन झालं आहे, शेवटचं दूध काढून झालं आहे अशा. शेजारी उभा असलेला मुलगा नचिकेता हे बघतो आणि विचारतो, बाबा, मला कोणाला देणार? एकदा विचारतो, दोनदा विचारतो, तीनदा विचारतो. शेवटी बाप भडकून म्हणतो, तुला मृत्यूला दिला! मुलाने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला की बापाचं काय होतं, हे उपनिषदाच्या काळापासून ठरलेलं आहे.

वाजश्रवसाची गाय आणि माझी मारुती यांत फरक किती? अकाउंटन्सीत घसारा काढण्याची एक रीत आहे. दर वर्षी उरलेल्या किमतीवर ठराविक टक्के कापायचे. या रीतीने किंमत घटत जाते, घटत जाते, पण शून्यावर कधीच येत नाही. माझ्या मते आईबापांच्या सगळ्या वस्तूंना हीच रीत लागू आहे. वाजश्रवसाची चूक गाय जुनी होती ही नव्हे. गाय आटली आहे हे न बोलता त्याने ती दक्षिणा म्हणून पुढे केली, तिथे बिघडलं. जुनी वस्तू दोष सांगून दिली तर ते देणं. दोष गिळून दिली तर ती विक्री, पैसे न घेता केलेली. म्हणून मी फुलस्केप कागदावर गाडीचे एकूण एकोणीस दोष लिहून चिरंजीवांच्या हातात ठेवले. त्यांनी वाचले आणि विसावा स्वतः सांगितला. पत्रा उजव्या दाराखाली गंजला होता, तो मला दिसलाच नव्हता.

शिवाय वापरलेली वस्तू कमी प्रतीची, असं निदान पोफळीच्या माणसाने तरी म्हणू नये. शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून येऊन इथल्या वीजघरात पडतं. कोयनेचा पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॅटचं हे वीजघर. काम करून दमलेलं ते पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात जातं आणि तिथून पुन्हा कोसळून तिसऱ्या टप्प्याची ३२० मेगावॅटची यंत्रं फिरवतं. मग कुठे ते वाशिष्ठीला मिळतं. आमच्याकडे पाणीसुद्धा सेकंडहँड वापरतात आणि दिवे तेवढेच लख्ख पेटतात.

दुसरा प्रश्न मात्र चिवट. किल्ली दिली म्हणजे गाडी दिली असं बँकेतला माणूस मानत नाही. आम्ही आर.टी.ओ.त नाव बदलायचं ठरवलं. फॉर्म २९, फॉर्म ३०, आणि कर्ज फिटून जमाना झाला तरी पुस्तकात बँकेचं नाव तसंच होतं म्हणून फॉर्म ३५. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या मुलाला 'अज्ञान' म्हणतात आणि अठरा पूर्ण होताच तो 'सज्ञान' होतो. आदल्या रात्री अकरा एकोणसाठला अज्ञान असलेला इसम बारा वाजता सज्ञान! बुद्धालासुद्धा याहून जास्त वेळ लागला. बाप मात्र त्या बाराच्या ठोक्याला काहीही होत नाही. तो होता तसाच पालनकर्ता राहतो.

फॉर्म ३५ भरताना मला आमच्याच धंद्यातला एक शब्द नव्याने भेटला. नजरगहाण. वस्तू कर्जदाराच्या ताब्यात, तो ती वापरणार, मिरवणार. बँकेची नुसती नजर तिच्यावर. हप्ता चुकेपर्यंत बँक दिसतही नाही. माझी खात्री आहे की आपल्याकडची बहुतेक आईबापं मुलांना जे जे देतात ते नजरगहाणच देतात. शिक्षण देतात, मग विचारतात, याचसाठी शिकवला का? गाडी देतात, मग फोन करतात. कुठे आहेस, कोण बसलंय, चौथ्यात का चालवतोस, पेट्रोल कुठे भरलंस. कागदावरचा बोजा फॉर्म ३५ ने उतरतो. नजरेचा बोजा उतरवायचा फॉर्म अजून कोणत्याही सरकारने छापलेला नाही.

तिसरा धडा विमा कंपनीने दिला. वर्षभर नुकसानभरपाई मागितली नाही तर पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. याला नो क्लेम बोनस म्हणतात. मी पन्नाशीचा मानकरी. मला वाटलं, गाडीबरोबर तोही जाईल. तर नाही! गाडी मुलाच्या नावावर होते, बोनस बापापाशीच राहतो. मुलाने शून्यापासून सुरुवात करायची. अपवाद एकच. मालक वारला आणि गाडी बायकोकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे गेली, तर बोनसही त्यांना मिळतो. चिरंजीवांनी हे वाचून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तू शून्यापासूनच कर. घाई नाही."

गंमत बाजूला ठेवा, पण यात नीतिशास्त्राचा एक आख्खा धडा आहे. पत्रा, चाकं, इंजिन नंबर, चॅसी नंबर हे सगळं नावावर करता येतं. गाडी जपून हाकल्याची पुण्याई करता येत नाही. ती ज्याची त्याने वर्षावर्षाने जमवायची. म्हणजे बापाच्या हातात उरतं काय? माझ्या मते त्या तीन शब्दांतच उत्तर आहे. क्लेम करायचा नाही, हाच बोनस. पोफळीचं वीजघर कोळकेवाडीला फोन करून विचारत नाही, माझ्या पाण्याचं काय केलंस म्हणून.

घाटाचा नियमही हेच सांगतो. अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. कारण चढणाऱ्याची गती तुटली की ती पुन्हा धरणं जड जातं. चाळिशी ओलांडलेला माणूस कुठल्या दिशेने चालला आहे हे त्याला सांगावं लागत नाही. त्याने कडेला घ्यावं, इतकंच.

आता हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात शनिवारी रात्री साडेनऊपासून माझा एक कान घाटाकडे असतो. फोन उशाशी असतो, हात पांघरुणात असतो आणि तो तिथेच ठेवण्यासाठी जी ताकद लागते ती गाडी ढकलायलाही लागत नाही. नचिकेता मृत्यूच्या दारात तीन रात्री उपाशी बसला, तेव्हा यमाने त्याला तीन वर दिले. आत्म्याचं गूढ त्याने तिसऱ्या वरात विचारलं, अग्नीची विद्या दुसऱ्यात. पहिला वर त्याने कशासाठी खर्च केला माहीत आहे? माझ्या बापाचा राग जावो, त्याचं मन शांत होवो, मी परत गेल्यावर त्याने मला प्रेमाने जवळ घ्यावं. आणि यमाने वचन दिलं की तुझा बाप रात्री सुखाने झोपेल.

यमाच्या दारात पोहोचलेल्या मुलालाही सर्वांत आधी काळजी वाटली ती बापाच्या झोपेची! तेव्हा बापांनो, झोपायला शिका. आमच्याकडे डावीकडे वळलं की हॉर्न वाजतो, आणि आमचं घर रस्त्याच्या डाव्या हाताला आहे. तो दोष मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही. चिरंजीवांनीही अजून केलेला नाही.