अकरा महिन्यांचा करार

भारताचा पासपोर्ट आमच्या नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. माझ्या मावसबहिणीच्या मुलीच्या पासपोर्टवर जन्मस्थानही नाशिकच आहे. अमेरिकेत तिचं पुढे काय होणार, हे त्या एका शब्दावर अडलंय.

तिथे नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात आणि कुटुंबीयही त्यातच मोजतात. कुठल्याही एका देशासाठी मर्यादा साधारण ७ टक्क्यांची, मग तो आइसलंड असो की भारत. मोजतात ते जन्मस्थान. उद्या कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, तरी रांग भारताचीच. दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये कुठल्या तारखेपर्यंत नंबर आला ते कळतं, आणि कधीकधी ती तारीख चक्क मागे जाते. ताई २०१२ साली गेली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. तोवर नंबर लागला नाही, तर २१ व्या वर्षी तिचा एच-४ व्हिसा संपेल. मग स्टुडंट व्हिसा शोधायचा, नाहीतर जे शहर तिला आठवतही नाही तिथे ‘परत’ यायचं.

मित्रांचं उत्तर तयार असतं : त्यांचा देश, त्यांचे नियम. हे उत्तर मूर्खपणाचं नाही. दारातून कोणाला आत घ्यायचं हे घरमालकानेच ठरवायचं. पण आत घेतलेल्या आणि आपल्या शब्दावर वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाचं आपण काय देणं लागतो, हा प्रश्न वेगळा आहे.

शंभर वर्षांपूर्वी सखाराम गणेश पंडित नावाच्या वकिलाने तो अमेरिकेच्या कोर्टात मांडला. १९१४ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की भारतीय कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्वाला अपात्र. थिंड यांचे वकील पंडितच होते. मग सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढायला निघालं. त्यांचं म्हणणं असं : तुम्हीच दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी वकिली केली, लग्न केलं, संसार मांडला. १९२६ मध्ये ते अपिलातही जिंकले. कोर्टाने धरलेला मुद्दा मात्र कोरडा होता : एकदा निकाली निघालेलं प्रकरण पुन्हा उकरता येत नाही.

ताईला हा मुद्दा लागू नाही. पंडितांकडे नागरिकत्व होतं, तिच्याकडे तात्पुरता व्हिसा आहे. ‘तात्पुरता’ हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तीन-तीन वर्षांनी मुदत वाढवत, टॅक्स घेत, मुलीला शाळेत घालू देत दशक उलटलं, तर त्या शब्दाचा अर्थ पहिल्या दिवशीचाच राहतो का?

मला नाही वाटत. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुनी सेवा बंद करतानासुद्धा मुदत देतो, कारण तिच्यावर विसंबून कोणीतरी काहीतरी उभं केलेलं असतं. नियम बदलण्याचा हक्क मान्य, पण आपण जितका काळ विसंबू दिलं तितकी आपली जबाबदारी वाढते.

हे अमेरिकेला सांगणं सोपं आहे. इंदिरानगरमध्ये आमचा एक फ्लॅट भाड्याने दिलाय. भाडेकरू बिहारचे, अंबडच्या कारखान्यात कामाला. अकरा महिन्यांच्या कराराची ही सातवी खेप. त्यांची मुलगी इथल्याच शाळेत दहावीला आहे आणि माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिते. बाबांना फ्लॅट विकायचाय. करारानुसार एक महिन्याची नोटीस पुरे. मी म्हटलं, तिची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत थांबू, आणि नवं घर शोधायला त्यांना पुढे दोन महिने देऊ.

बाबा म्हणाले, “करारात कुठे लिहिलंय?”

लिहिलेलं नाही. पण मुदत संपत आली की दर वेळी त्यांना फोन करून “राहा अजून” असं आपणच म्हणालो होतो, एवढं मी बाबांना सांगितलं. गिऱ्हाईक थांबायला तयार नाही. बाबांनी अजून नोटीस दिलेली नाही.