आपल्याच मताची परीक्षा



मी शिक्षक आहे. माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसे. तो आळशी आहे, असे मी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकले. गणित चुकले की मी म्हणे, 'पाहा, मी सांगत होतो!' बरोबर आले की म्हणे, 'शेजाऱ्याचे पाहिले असेल.' वर्षाअखेर कळले की त्याला फळ्यावरचे दिसतच नव्हते. दोष त्याच्या डोळ्यांत होता, त्याहून अधिक माझ्या दृष्टीत होता.

ही खोड सर्वांच्याच मनाला आहे. इंग्रज मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली तिचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. २, ४, ६ हे आकडे कोणत्या नियमाने मांडले आहेत, ते लोकांनी ओळखायचे. त्यासाठी आपण तीन-तीन आकडे सुचवायचे; ते नियमात बसतात की नाही, एवढेच सांगितले जाई. पुष्कळांनी 'दोन-दोनने वाढतात' असे मनात धरले आणि ८, १०, १२ असेच आकडे देत राहिले. 'बसतात' असे उत्तर येई आणि चुकीचा ग्रह पक्का होई. खरा नियम एवढाच होता की आकडे चढते असावेत. १, २, ९ असे विचारले असते तर चूक तेव्हाच उघडी पडली असती.

आपल्या मताला चिकटून राहणे हे तथागतांनी एक उपादान मानले आहे. नालंदेत गृहपती उपाली त्यांना वादात हरवायला आला आणि त्यांचेच म्हणणे पटून उपासक व्हायला निघाला. तेव्हा बुद्धांनी त्याला सांगितले की नीट विचार करून मगच निर्णय घे. अनुयायी मिळत असतानाही असे सांगणारा शास्ता आपल्याला लाभला आहे.

आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. तरीही लेकरू तापाने फणफणले की घरात कोणी म्हणते, 'मागे भगताच्या अंगाऱ्याने उतरला होता.' उतरला असेल. पण अंगारा लावूनही न उतरलेले ताप किती? न लावता उतरलेले किती? ते आपण कधी मोजले? पुष्कळ ताप आपोआप उतरतात. जो उतरत नाही त्याला दवाखाना लागतो, आणि तोच वेळ अंगाऱ्यात गेला तर लेकरू हातचे जाते.

हीच कसोटी आपल्या नव्या मतांनाही लावा. स्थळ ठरवताना, कर्ज काढताना घरातल्या सर्वांना, लेकीसुनांनाही विचारा, 'माझे कुठे चुकते आहे?' विरुद्ध बोलणाऱ्याला गप्प करू नका. सम्यक् दृष्टीचा आरंभ तिथून होतो.

जयभीम!