प्रतिसृष्टी आणि तिचे रहिवासी

परग्रहावरील प्राणी कल्पिणे, त्यांच्या देहाची ठेवण ठरविणे, त्यांच्या भूमीवर कोणता वारा वाहतो आणि कोणता पाऊस पडतो ह्याचा हिशेब मांडणे, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे मानणारे सज्जन आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. त्यांच्याशी आमचा वाद नाही. रिकामपणातून जगात बऱ्याच चांगल्या गोष्टी निघाल्या आहेत. आमचा प्रश्न निराळा आहे. जो प्राणी कोठेच नाही, जो उद्या दाराशी येऊन जाब विचारणार नाही, त्याच्यासंबंधी कल्पना करणाऱ्यावर काही कर्तव्य येते काय? मनात निर्माण केलेल्या जीवावर अन्याय होऊ शकतो काय? आमच्या मते होऊ शकतो, आणि त्या अन्यायाची सवय पुढे खऱ्या जीवांस भोवते.

आपल्या परंपरेत ह्या उद्योगाचा आद्य आचार्य विश्वामित्र होय. त्रिशंकूस सदेह स्वर्गात धाडण्याचा त्याने हट्ट धरला, इंद्राने त्रिशंकूस खाली लोटले, तेव्हा संतापाच्या भरात विश्वामित्राने दक्षिणेस नवे सप्तर्षी आणि नवी नक्षत्रे रचिली, आणि नवा इंद्रही घडविण्याची भाषा केली. अखेर देवांनी तडजोड केली. ती नक्षत्रे राहावीत आणि त्यांच्यामध्ये त्रिशंकूने खाली डोके, वर पाय अशा स्थितीत राहावे, असे ठरले. आपण ज्या तारकापुंजास त्रिशंकू म्हणतो तो वैशाखातील रात्री गोव्याच्या किनाऱ्यावरून दक्षिणेस स्पष्ट दिसतो. ग्वाल्हेरच्या वाचकांस मात्र तो क्षितिजाच्या धुरकटीतच हरवतो. त्या भव्य रचनेत एक गोष्ट राहून गेली. ज्याच्यासाठी एवढे तारे मांडले त्यास पाय टेकावयास भूमी मिळाली नाही.

परग्रहवासी म्हणून जे प्राणी आपणांस कथांतून आणि चित्रपटांतून भेटतात, त्यांपैकी बहुतेक असेच त्रिशंकू असतात. आपणांस दोन डोळे, म्हणून त्यांस तीन. आपण लाजतो, म्हणून ते निर्लज्ज. आपण अन्न शिजवून खातो, म्हणून ते आपणांसच कच्चे खातात. मनुष्यास उलटा टांगला की परग्रहवासी तयार झाला, असा हा सोपा कारखाना आहे. त्या प्राण्यास स्वतःची भूक नसते, स्वतःची माती नसते. आपले नसलेपण एवढेच त्याचे भांडवल.

हे केवळ कथाकारांचेच पाप असते तर आम्ही शाई खर्चिली नसती. इटलीतील लुदोविको दि वार्तेमा नावाचा प्रवासी कालिकतपर्यंत येऊन गेला. त्याचे प्रवासवर्णन १५१० साली रोम येथे छापले गेले. कालिकतच्या राजाच्या देवघरातील मूर्ती म्हणून त्याने जे वर्णिले आहे ते वाचताना आपल्या कोणत्याही देवळातील मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहत नाही. उभा राहतो तो ख्रिस्ती युरोपच्या भिंतींवर रंगविलेला सैतान: चार शिंगे, मोठा आ वासलेले तोंड, भयंकर डोळे, कोंबड्यासारखे पाय. गृहस्थ मनात सैतान घेऊनच निघाला होता, आणि इतके समुद्र ओलांडून त्यास तोच भेटला. पुजाऱ्यास एक प्रश्न विचारिता तर काय दिसले असते, हे त्याने कधी जाणले नाही. पुढे युरोपातील चित्रकारांनी त्या वर्णनावरून चित्रे काढली, आणि ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही त्यांच्या मनात आपली देवता ह्या रूपाने बसली.

त्याच १५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतला. त्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास का न्यावी लागली, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या घरची ती कुलदैवते आहेत त्यांनी ते आजीच्या तोंडून ऐकले आहे. वार्तेमाच्या पुस्तकाने देवळे पाडली असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यास आधीच राक्षस ठरविले त्याच्या घरावर कुदळ घालताना हात अडखळत नाही, हे ज्या समाजाने अनुभविले त्याने तरी परक्याची कल्पना करताना अधिक जपून असावे, अशी आमची अपेक्षा आहे.

जपून म्हणजे कसे? येथे एका जर्मन ज्योतिर्विदाचे उदाहरण घेऊ. योहान्नेस केप्लर ह्याने चंद्रावरील जीवनाविषयी 'सोम्नियुम', म्हणजे 'स्वप्न', नावाचा छोटा ग्रंथ लिहिला. तो १६३४ साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्यात प्राण्यांची पाळी अगदी शेवटी येते. आधी येते ते घर. चंद्राच्या एका अर्धगोलावरून पृथ्वी नेहमी आकाशात एकाच जागी टांगलेली दिसते, दुसऱ्या अर्धगोलास ती कधीच दिसत नाही. तेथील एक दिवस आपल्या पंधरवड्याएवढा आणि रात्रही तेवढीच. हे सर्व गणिताने मांडून झाल्यावर मग केप्लर विचारितो की, अशा उन्हात आणि अशा गारठ्यात कोण जगेल? उत्तर म्हणून प्रचंड देहाचे, झपाट्याने वाढणारे आणि अल्पायुषी जीव येतात, आणि ऊन चढले की ते विवरांत किंवा खोल पाण्यात दडतात. आज आपणांस ठाऊक आहे की चंद्रावर असे काही नाही. तरीही ते जीव खोटे वाटत नाहीत, कारण त्यांचे वागणे त्यांच्या उन्हातून निघाले आहे, आपल्या भीतीतून नव्हे.

हीच रीत अमेरिकेतील विज्ञानशिक्षक हाल क्लेमंट ह्याने १९५३ साली एका कादंबरीत पराकोटीस नेली. त्याचा मेस्क्लिन नावाचा ग्रह इतक्या वेगाने फिरतो की विषुववृत्तावर गुरुत्व पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवावर सुमारे सातशेपट. तेथील रहिवासी गोमेसारखे, हातभरही लांब नसलेले, अनेक पायांचे. ध्रुवाकडील प्रदेशात बोटभर उंचीवरून पडणे म्हणजे मृत्यू. म्हणून त्या लोकांस उंचीची भीती रक्तातच आहे, आणि डोक्यावर एखादी जड वस्तू असणे ही कल्पनाच त्यांस असह्य होते. आता विचार करा: अशा प्राण्याने वीतभर उंचीच्या कड्यावर चढण्याचे धाडस केले, तर ते शौर्य की नव्हे? गड चढून जाणाऱ्या आपल्या मावळ्याशी त्याची तुलना उंचीने करावयाची की भयाने? आमच्या बुद्धीस तरी त्या गोमेचे पाऊल लहान वाटत नाही.

येथे आमचा एक आक्षेप नोंदवून ठेवतो. संबंध जातच दुष्ट, जन्मतःच क्रूर, असे परग्रहवासी कल्पिणे हा आम्हांस कल्पनेतील सर्वांत मोठा आळस वाटतो. आपल्या पुराणकारांनीही हा आळस केला नाही असे नाही. राक्षसांचे सुळे आणि काळे देह त्यांनीही सढळ हाताने रंगविले आहेत. परंतु त्यांनी दोन गोष्टी सांभाळल्या. देव आणि दैत्य हे एकाच कश्यपाचे पुत्र ठेविले, आणि दैत्यकुळात प्रल्हाद जन्मास घातला. बळी तर असा की त्याची प्रतिपदा आपण दिवाळीत साजरी करितो. एच. जी. वेल्सच्या १८९८ सालच्या कादंबरीतील मंगळवासी माणसाचे रक्त पितात खरे. पण त्यांस दोष देण्यापूर्वी युरोपीयांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांची काय दशा केली ते आठवा, असे तो लेखक पहिल्याच प्रकरणात आपल्या देशबांधवांस सुनावतो. त्या मंगळवासीयांचा ग्रह थंड होत चालला आहे. त्यांची निकड खरी आहे.

मात्र येथेच चतुर वाचक आम्हांस अडवील. प्रत्येकाचा धर्म त्याच्या भूमीतून आणि देहातून निघतो असे म्हटले, की वाघापासून वखारवाल्यापर्यंत सर्वांस सबब मिळाली. निकड आहे म्हणून रक्त प्यावे काय? ही शंका रास्त आहे, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही.

आम्ही एक जात कल्पून पाहतो. फार दूर जावयास नको; आपल्याच पृथ्वीवर काही जातींच्या कोळ्यांमध्ये पिले आपल्या मातेस खाऊन वाढतात, आणि माता प्रतिकार करीत नाही. ह्या जीवास वाणी द्या, स्मृती द्या, विवेक द्या. त्या लोकांत मातृभक्ती कशी असेल? जे लेकरू दयेने खाण्याचे नाकारील ते उपाशी मरेल, आणि मातेचा देह तर तरीही संपणारच. म्हणजे तिचे दान वाया जाईल. तेथे न खाणे हीच कृतघ्नता. मग त्या लोकांत पाप उरलेच नाही काय? पुष्कळ उरले. मातेची वेळ येण्यापूर्वी तिच्यावर तुटून पडणे, पाठच्या दुबळ्या भावंडाचा वाटा लाटणे, भरल्या पोटी दुसऱ्याच्या मातेकडे पाहणे, आणि खाऊन झाल्यावर तिचे नाव विसरणे. भूमीने आणि देहाने जेवढे भाग पाडले तेवढ्यास आम्ही पाप म्हणणार नाही. त्यापलीकडे जेथे दोन वाटा फुटतात तेथून त्या लोकांचे धर्मशास्त्र सुरू होईल. वेल्सच्या मंगळवासीयांस थंडीने घराबाहेर काढले, हे मान्य. परंतु येथे आल्यावर त्यांनी एकदाही बोलण्याचा प्रयत्न केला नाही, ह्याचे उत्तर थंडीने देता येत नाही. आल्बुकर्कच्या जहाजांसही हाच न्याय लावावा.

आणखी एक भूमी मांडून पाहावी असे मनात आहे, कारण ती आमच्या वाचकांच्या नित्यकर्मास भिडते. २०१६ साली आपल्या सूर्यास सर्वांत निकट असलेल्या ताऱ्याभोवती, सुमारे ४.२ प्रकाशवर्षांवर, एक ग्रह सापडला. त्याचे वर्ष आपल्या ११ दिवसांचे, आणि आपल्या ताऱ्याकडे तो बहुधा सदैव एकच मुख करून असतो. तसे असल्यास एका बाजूस कायमची दुपार, दुसऱ्या बाजूस कायमची रात्र, आणि मध्ये एक वर्तुळाकार पट्टा, जेथे सूर्य क्षितिजावर स्थिर. तेथे कोणी राहते असे कोणीही सिद्ध केलेले नाही. आपण राहवून पाहू. त्या पट्ट्यात त्रिकाळ संध्या करणारा काय करील? त्याची संध्या संपतच नाही. एकादशी नाही, पहाटेची काकडआरती नाही, देवास शेजेवर निजविण्याची घटका नाही. तेथे काळ सरत नाही. सकाळ हवी असेल तर सूर्याकडे चालत जावे लागते, आणि सायंकाळ हवी असेल तर मागे यावे लागते. त्या ग्रहाचा घेर पृथ्वीएवढा धरला, तर सूर्य एक अंश वर येण्यास सुमारे १११ किलोमीटर चालावे लागेल. म्हणजे प्रभात हे एका गावाचे नाव होईल, मध्यान्ह हे दुसऱ्या, भाजून काढणाऱ्या गावाचे. आणि अमक्याचा जन्म तिसऱ्या प्रहरी झाला म्हणजे तो कोणत्या पंचक्रोशीत झाला हे कळेल.

अशा लोकांत व्रत म्हणजे वारीच असणार. आयुष्यातून एकदा तरी सूर्योदयापर्यंत चालत जावे, असा त्यांचा नेम असेल. मग ज्या म्हातारीचे पाय राहिले, जिने जन्मभर तोच तांबूस अर्धा सूर्य पाहिला, तिच्या नेमाचे काय करावयाचे? तिला खांद्यावर घेऊन १११ किलोमीटर जाणारा कोणी निघेल, की तिच्या वतीने दुसऱ्याने पाहिलेला सूर्योदय तिच्या खाती जमा धरतील? येथवर आलो की प्राण्यास पाय किती आणि डोळे किती हे ठरविण्याचे आमच्या हातून राहून जाते, आणि त्या म्हातारीस कोण नेणार ह्याचीच चर्चा होऊन बसते.