कलिवर्ज्य वानप्रस्थ आणि सुताराचा हात

कलिवर्ज्ये म्हणजे पूर्वीच्या युगांत मान्य असलेली, पण कलियुगात करू नयेत असे शास्त्रकारांनी ठरवलेली कृत्ये. बृहन्नारदीय पुराणातील त्यांची जी यादी पुढच्या निबंधकारांनी वारंवार उद्धृत केली, तिच्यात समुद्रयात्रा आणि वानप्रस्थाश्रम या दोहोंचाही समावेश आहे, आणि दोन्ही अवघ्या काही चरणांच्या अंतरावर येतात. नोकरीतून निवृत्त होऊन समुद्रापलीकडच्या एखाद्या उष्ण देशात स्थायिक झालेला आणि तिथल्या लाकडावर करवत-रंधा चालवत उरलेले दिवस घालवणारा गृहस्थ या यादीच्या दृष्टीने एकाच वेळी दोन वर्ज्य गोष्टी करतो. तरीही त्याच्या जीवनक्रमाला नाव देऊ पाहिले, तर परंपरेतला वानप्रस्थ हाच शब्द सर्वांत जवळचा वाटतो. तो शब्द त्याला खरोखर लागू पडतो, की हातात हत्यार धरलेल्या मनुष्याला तो शोभत नाही, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची जी शिस्त सांगितली आहे, तिचा गाभा वनात जाण्यात तितकासा नाही, जितका वनात कसे राहावे यात आहे. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि घरात नातवंड दिसले की गृहस्थाने निघावे. नांगरलेल्या जमिनीत पिकलेले अन्न खाऊ नये. साठवलेले धान्य आणि जीर्ण वस्त्रे आश्विन महिन्यात टाकून द्यावीत. या नियमांना जोडणारा धागा असा की आयुष्यभर मालक म्हणून वागलेल्या माणसाने आता पाहुणा म्हणून जगायला शिकावे. सुतारकामाची अडचण नेमकी इथे सुरू होते, कारण सुताराने घडवलेली वस्तू उरते, साठते, ‘माझी’ म्हणवली जाते, आणि तिच्यासाठी आधी एक झाड आडवे झालेले असते.

या अडचणीचा पहिला भाग, म्हणजे उतारवयात कर्म सोडावे की करीत राहावे हा वाद, लोकमान्य टिळकांनी ज्या स्थितीत हाताळला ती इथे विसरून चालणार नाही. १८५६ साली जन्मलेले टिळक पन्नाशी ओलांडल्यावर, स्वेच्छेने नव्हे तर शिक्षा म्हणून, समुद्रापार ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात होते, आणि सागासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या देशात त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले, जे १९१५ साली प्रसिद्ध झाले. ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही, ते लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी नीट राहावी म्हणून, निष्काम बुद्धीने करीतच राहिले पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन. या कसोटीवर केवळ स्वतःच्या आनंदासाठी पेटी किंवा पाट घडवणारा निवृत्त मनुष्य अपुरा ठरेल, आणि ही टीका सहज झटकून टाकण्याजोगी नाही. परंतु फलाशा सोडणे म्हणजे काय याचा अनुभव ज्या थोड्या कामांत शरीरालाच येतो, त्यांत सुतारकामाची गणना केली पाहिजे. रंधा रेषांच्या उलट दिशेने चालवला की लाकूड उखडते, सागातल्या सिलिकेमुळे पात्याची धार लवकर जाते, पावसाळ्यात फळी फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. कर्त्याच्या इच्छेला इथे पदोपदी लाकडाच्या स्वभावापुढे नमावे लागते. बाजारासाठी घाई करणाऱ्याला हे नमणे परवडत नाही, निवृत्ताला परवडते, आणि म्हणून त्याच्या कामाला निव्वळ विरंगुळा म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरा भाग झाडाचा. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात कसे शिरावे हे सांगताना, झाड तोडण्यापूर्वी त्याची पूजा करून, त्यावर राहणाऱ्या भूतांनी बली स्वीकारून अन्यत्र वस्ती करावी, अशी विनंती करायला सांगितले आहे. भूत या शब्दात इथे दिसणारे आणि न दिसणारे असे सगळेच रहिवासी येतात. ज्या शहरात पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला उत्तनचा समुद्र आहे, त्या मीरा-भाईंदरमध्ये हा विधी आज वेगळ्या रूपाने जिवंत आहे असे म्हणता येईल. उद्यानातील साग आणि ऐन यांना हात लावता येत नाही, आणि शहरातले झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. फरक इतकाच, पण तो मोठा आहे, की वराहमिहिराचा सुतार झाडावर राहणाऱ्यांकडे परवानगी मागतो आणि आजचा अर्जदार कार्यालयाकडे. परदेशात निवृत्त झालेल्याची स्थिती याहून नाजूक असते, कारण ज्या झाडावर तो करवत चालवतो त्याचे तिथल्या लोकांच्या तोंडचे नाव, त्याच्या फुलण्याचा ऋतू, त्यावर येणारे पक्षी यांपैकी काहीच त्याला वारशाने मिळालेले नसते. ते शिकून घेणे हीच त्याने मागायची पहिली परवानगी होय.

याच शहरातील उत्तन, पाली, चौक, डोंगरी या गावांतील ख्रिस्ती वस्तीच्या श्रद्धेत या प्रश्नाला आणखी एक बाजू मिळते. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला सुताराचा पुत्र म्हटले आहे, आणि पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. हिंदू आश्रमव्यवस्थेने आयुष्याच्या उत्तरार्धासाठी हातातली कामे खाली ठेवण्याचा मार्ग आखला, तर इथे हातातले हत्यारच पावित्र्याची खूण ठरले. सावता माळी आणि गोरा कुंभार यांना आपला देव आपापल्या कामातच भेटला असे मानणाऱ्या वारकऱ्याला ही दृष्टी परकी वाटणार नाही. किंबहुना आश्रमांच्या शास्त्रापेक्षा संतांचा हा मार्गच निवृत्त सुताराची बाजू अधिक भक्कमपणे मांडतो.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मनुष्याची तुलना वृक्षाशी करतो: केस म्हणजे पाने, त्वचा म्हणजे साल, आणि हाडे म्हणजे आतले लाकूड. वनस्पतिशास्त्र या तुलनेत एक भर घालते. खोडाच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे रसकाष्ठातून, पाणी वर चढते. आतले मध्यकाष्ठ ते काम कधीच थांबवून बसलेले असते, त्याच्या पेशी मृत असतात, पण सागासारख्या झाडात कीड आणि कूज यांना सर्वांत जास्त टक्कर देते ते तेच, आणि सुतार शोधतो तेही तेच. उपमा म्हणजे प्रमाण नव्हे, हे मान्य करूनही निवृत्तीचा विचार करताना ही वस्तुस्थिती डोळ्यांआड करता येत नाही. याज्ञवल्क्य मात्र तुलनेवर थांबत नाही. तोडलेला वृक्ष मुळापासून पुन्हा उगवतो, मग मृत्यूने तोडलेला मनुष्य कोणत्या मुळातून उगवतो, असे तो जनकाच्या सभेतील ब्राह्मणांना विचारतो, आणि हाच याज्ञवल्क्य पुढे मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यात धनाची वाटणी करून घराबाहेर पडायला निघतो. तोडलेल्या सागाच्या बुंध्याला धुमारे फुटताना ज्याने पाहिले आहे, आणि त्याच सागाची फळी ज्याच्या हाताखाली आहे, त्याला हा प्रश्न रोज समोर दिसतो.