विहीर, सूर्य आणि डास
मुंबईच्या कोट भागातील हिवतापाचे मूळ घरोघरच्या विहिरींत आहे, असे डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११च्या अहवालात दाखवले. अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा डास तेथल्या स्वच्छ पाण्यात वाढे. उपाय सरळ होता: विहिरी बुजवणे किंवा झाकणे. धर्माला तो सरळ वाटला नाही. पारशी विधींना विहिरीचे पाणी लागते आणि त्यावर सूर्यप्रकाश पडावा अशी श्रद्धा असते. अनेक हिंदूंनाही नळाचे पाणी सोवळ्यात चालत नसे. पावित्र्य आणि स्वच्छता येथे एकमेकांपासून वेगळी होतात. विहिरीचे पाणी पवित्र होते, नितळही होते, तरी घातक होते. अखेर जाळीच्या झडपांची तडजोड निघाली. ती शहाणपणाची होती. चर्चगेटजवळची १७२५ची भिका बेहराम विहीर आजही पारशांचे प्रार्थनास्थान आहे.